खडकांची प्रकाशपरीक्षा

शेगडीवर ठेवलेली आमटी उतू गेली म्हणजे खालची निळी ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. घरातल्या माणसांचे लक्ष त्या वेळी सांडलेल्या आमटीकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या क्षणी शेगडीवर एक रासायनिक पृथक्करण पार पडलेले असते. आमटीतील मिठात सोडियम आहे. ज्योतीच्या उष्णतेने त्याचे अणू उद्दीपित झाले आणि पूर्वस्थितीला परत येताना त्यांनी आपला ठरावीक पिवळा प्रकाश बाहेर टाकला. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उद्देशून आज मी जे बोलणार आहे, तो ह्या पिवळ्या ज्योतीचाच विस्तार आहे. खडकात काय आहे आणि किती आहे हे प्रकाशाला कसे विचारावे, आणि त्याने दिलेल्या उत्तरावर कितपत विसंबावे, असे हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत मिळते. दुसऱ्याकडे विद्यार्थी सहसा वळत नाहीत. म्हणून माझा कल तिकडे थोडा अधिक राहील.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे १८५९ आणि १८६० ह्या वर्षांत बुन्सेन हा रसायनशास्त्रज्ञ आणि किर्खोफ हा भौतिकीविज्ञ ह्या दोघांनी ज्योतीपुढे लोलक ठेवला. नुसत्या डोळ्याला ज्योतीचे रंग फसवतात. सोडियमचा पिवळा इतका प्रखर असतो की त्याच्या आड पोटॅशियमचा मंद जांभळा दिसेनासा होतो. लोलकातून मात्र प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या जागी वेगळ्या उभ्या राहतात. त्या जागा बदलत नाहीत. मीठ समुद्राचे असो वा सैंधव असो, सोडियमची पिवळी रेषाद्वयी तिथेच दिसते. ह्या दोघांनी खोलीच्या एका कोपऱ्यात सोडियमच्या क्षाराचा लहानसा स्फोट घडवला आणि दुसऱ्या टोकाच्या ज्योतीकडे पाहत राहिले. थोड्याच वेळात हवेतून आलेल्या कणांनी ती पिवळी रेषा उजळली. एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम आपणांस ओळखता येते, असे गणित त्यांनी त्यावरून मांडले. तराजूवर भरवसा ठेवणाऱ्या त्या काळाला ही गोष्ट चमत्कारासारखी वाटली असल्यास नवल नाही.

ह्या उपकरणाने पहिले नवे मूलद्रव्य दाखवले ते ड्युर्कहाइम येथील झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यात. वर्णपटात ओळखीच्या नसलेल्या दोन निळ्या रेषा दिसल्या. बुन्सेनने चाळीस हजार लिटरांहून अधिक पाणी आटवले आणि त्याच्या हाती नव्या मूलद्रव्याचा काही ग्रॅम क्षार लागला. आकाशाच्या निळ्या छटेवरून त्याला सीझियम हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १८६१ साली, लेपिडोलाइट नावाच्या जांभळट अभ्रकात गडद तांबड्या रेषा सापडल्या आणि रुबिडियम हाती आले. १८६३ साली फ्रायबर्ग येथील प्रसिद्ध खाणविद्यालयात फर्डिनांड राइख जस्ताच्या खनिजाची परीक्षा करीत होते. त्यांना रंग ओळखता येत नसत. म्हणून त्यांनी वर्णपट पाहण्याचे काम आपले सहकारी थिओडोर रिख्टर ह्यांच्याकडे दिले, आणि रिख्टरना निळीच्या रंगाची एक तेजस्वी रेषा दिसली. ते इंडियम होय. आपल्या इंद्रियाची उणीव ओळखून दुसऱ्याचे डोळे मागणारा हा प्राध्यापक मला फार आवडतो. प्रयोगशाळेत असे मागणे मागायला धैर्य लागते.

आता एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात त्या ग्रहणाच्या वेळी एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या जोडीच्या जवळची होती, पण त्या जागेची नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉकियर ह्यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविना, तीच रेषा पाहिली आणि पुढे तिला हेलियम ह्या नव्या मूलद्रव्याची रेषा मानले. आपल्याकडे विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौथऱ्यांशी ह्या शोधाची सांगड घातली जाते. लॉकियर विजयदुर्गास आले होते हे खरे. परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम ज्ञात झाल्यानंतर तीस वर्षांनी. विजयदुर्गाची थोरवी ह्या दुरुस्तीने उणावत नाही.

भूविज्ञानाच्या दृष्टीने ह्या कथेचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. हेलियम पृथ्वीवर सापडले ते एका खनिजात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हिलब्रँड हे खडकांच्या पृथक्करणातील त्या काळचे अत्यंत काटेकोर गृहस्थ. १८९० च्या सुमारास त्यांनी युरेनियमचे खनिज आम्लात तापवले, तेव्हा एक निष्क्रिय वायू निघाला. त्यांनी त्याचा वर्णपट पाहिला, नायट्रोजनाच्या रेषा दिसल्या, आणि वायू नायट्रोजन आहे असे त्यांनी नोंदवले. १८९५ साली लंडनमध्ये रॅम्झी ह्यांनी तशाच क्लेव्हाइट नावाच्या खनिजातील वायू नळीत भरला. त्यांना एक पिवळी रेषा दिसली, ती सोडियमच्या जागी बसेना, आणि सूर्यावरचे हेलियम पृथ्वीवर आले. हिलब्रँड ह्यांच्या नमुन्यात नायट्रोजनही होता. त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. जे अपेक्षित होते ते दिसताच शोध तिथे थांबला, एवढेच. हाती प्रकाश असूनही असे घडू शकते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

रेषा मूळ कशी निर्माण होते, हे थोडक्यात सांगतो. अणूतील इलेक्ट्रॉनांना उर्जेच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांच्या मधे त्यांना थांबता येत नाही. उष्णतेने किंवा विजेने इलेक्ट्रॉन वर चढवला की खाली उतरताना तो दोन पायऱ्यांतील अंतराइतकीच ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून रेषाही निराळ्या. रेषेची जागा मूलद्रव्याचे नाव सांगते, तर तिची प्रखरता त्याचे प्रमाण सुचवते. मी ‘सुचवते’ असे मुद्दाम म्हणालो. त्याचे कारण पुढे येईल.

ह्या तत्त्वावर खडकांच्या परीक्षेच्या अनेक पद्धती उभ्या राहिल्या. दोन कार्बनकांड्यांमधील विद्युत्प्रज्योतीत खडकाचे चूर्ण जाळायचे आणि वर्णपट छायाचित्राच्या काचेवर टिपायचा, ही जुनी रीत. गोल्डश्मिट ह्यांनी १९३० च्या आसपास गटिंगेन येथे पृथ्वीवरील विरळ मूलद्रव्ये कोणत्या खनिजात जाऊन बसतात ह्याचा जो अभ्यास केला, त्याला ह्या रीतीचा मोठा आधार होता. त्यापूर्वी एका खडकाचे आम्ल-अल्कलींनी पूर्ण पृथक्करण करायला कित्येक दिवस लागत, आणि विरळ मूलद्रव्ये तर त्यातून निसटूनच जात. पुढे १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श ह्यांनी उलटा विचार मांडला. अणू जो प्रकाश टाकतो, तोच तो शोषूनही घेतो. तेव्हा ज्योतीने टाकलेला प्रकाश मोजण्याऐवजी ज्योतीने गिळलेला प्रकाश का मोजू नये? ही कल्पना त्यांना घरच्या भाजीच्या वाफ्यात काम करताना सुचली, असे ते सांगत. अणुशोषणाची ही पद्धत स्वस्त आणि सोपी असल्याने महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली. आज आरगॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे सहा ते दहा हजार अंशांच्या विद्युद्भारित झोतात, खडकाचे द्रावण फवारून वीस-तीस मूलद्रव्ये एका दमात मोजतात.

क्ष-किरणांची रीत निराळी आहे, आणि भूविज्ञानाला ती विशेष मानवली. १९१३ साली मोझली ह्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरण रेषा त्याच्या अणुक्रमांकाप्रमाणे शिस्तीने सरकत जातात. आवर्तसारणीतील रिकाम्या जागा त्यामुळे बोट ठेवून दाखवता येऊ लागल्या. मोझली १९१५ साली गॅलिपोलीच्या रणभूमीवर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. त्याच्या रीतीने १९२३ साली कोपनहेगन येथे कोस्टर आणि हेवेशी ह्यांनी झिरकॉन ह्या खनिजात हाफ्नियम शोधले. ते आधी कुणाला दिसले नव्हते, कारण रासायनिक वागणुकीत ते झिर्कोनियमचे जणू जुळे भावंड आहे. क्ष-किरण मात्र त्या दोघांत गफलत करीत नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलेल्या चंद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवरही ह्याच घराण्यातले एक यंत्र होते. क्युरियम ह्या किरणोत्सर्गी मूलद्रव्याच्या साहाय्याने मातीतील अणू उद्दीपित करायचे आणि त्यांचे क्ष-किरण मोजायचे, असे त्याचे काम. शंभर मीटरच्या मार्गावर तेवीस ठिकाणी त्याने मोजणी केली, आणि तेथील माती फेल्डस्पारबहुल ॲनॉर्थोसाइटाच्या घडणीची आहे असे तिच्यावरून निघाले.

इथवर ऐकून आपणांस वाटेल की दगड यंत्रात टाकावा आणि आकडा वाचावा. हीच समजूत मला खोडून काढायची आहे. रेषेची प्रखरता केवळ मूलद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते. त्याच्या शेजाऱ्यांवरही असते. ग्रॅनाइटमध्ये आणि बेसाल्टमध्ये झिर्कोनियम सारखेच आहे असे धरा. बेसाल्टात लोह पुष्कळ असते आणि ते झिर्कोनियमचे क्ष-किरण वाटेतच गिळते; म्हणून रेषा फिकी उमटते. ज्योतीत कॅल्शियम मोजायला जावे तर फॉस्फेट त्याला धरून ठेवते आणि अणू मोकळे होऊ देत नाही. मग त्या फॉस्फेटाला गुंतवून ठेवण्यासाठी द्रावणात लँथनम घालावे लागते. अशा स्थितीत उपाय एकच. ज्याची घडण आधीच माहीत आहे असा, आपल्या खडकाशी मिळताजुळता प्रमाण नमुना त्याच यंत्रात, त्याच दिवशी मोजायचा, आणि आपला खडक त्याच्याशी ताडून पाहायचा. वाण्याच्या तराजूत वजन हवे, तसे हे आहे.

पण ते वजन तरी खरे कशावरून? अमेरिकेत ह्याची परीक्षा झाली आणि तिचा वृत्तान्त १९५१ साली प्रसिद्ध झाला. ऱ्होड आयलंडमधील वेस्टर्ली येथील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील सेंटरव्हिल येथील डायाबेस, असे दोन खडक दळून, नीट मिसळून, जी-१ आणि डब्ल्यू-१ ह्या नावांनी निरनिराळ्या प्रयोगशाळांना पाठवले गेले. पृथक्करण करणारे नवशिके नव्हते. आपापल्या देशांतील नाणावलेली माणसे होती. सर्वांच्या बाटलीत तेच चूर्ण होते. उत्तरे आली ती मात्र जुळेनात. सिलिकासारख्या सर्वांत मोठ्या घटकाच्या बाबतीतही दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत शेकडा एकाहून अधिक अंतर पडले, आणि विरळ मूलद्रव्यांत तर काही ठिकाणी दुपटी-तिपटीचे. तोवर खडकांच्या वर्गीकरणाचे सिद्धान्त ह्याच प्रतीच्या आकड्यांवर रचले जात होते. ज्यांनी हा प्रयोग केला आणि लपवला नाही, त्यांनी शास्त्रावर उपकार केले असे माझे मत आहे. त्यानंतर प्रमाण नमुन्यांची परंपराच सुरू झाली. १९६० च्या दशकात कोलंबिया नदीच्या बेसाल्टाचा बीसीआर-१ हा नमुना आला, आणि बेसाल्टाचा अभ्यास करणाऱ्यांना आपल्या जातीचे वजन मिळाले.

बेसाल्ट म्हटल्यावर मराठी माणसाला घर आठवते. आपला पाटा, आपले जाते, आपल्या किल्ल्यांचे तट, वेरूळचे कैलास लेणे, सारे ह्याच काळ्या दगडाचे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. ह्या थरांची अडचण अशी की डोळ्याला ते सारे एकसारखे. माळशेज घाटातील कातळ आणि आंबेनळी घाटातील कातळ हातात शेजारी शेजारी दिले, तर भला भला भूवैज्ञानिक अडखळेल. जीवाश्म जवळजवळ नाहीत; मग कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा हे शेकडो मैलांवर कसे जुळवायचे? १९८० च्या दशकात भारतीय, ब्रिटिश आणि अमेरिकन संशोधकांनी सह्याद्रीचे घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत थराथराने चढून नमुने गोळा केले, आणि त्यांतील टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम, झिर्कोनियम, निओबियम ह्यांची प्रमाणे मुख्यतः क्ष-किरण अनुस्फुरणाने मोजली. काळ्या दगडाच्या पोटी वेगवेगळी कुळे निघाली. त्यांना गावांची आणि घाटांची नावे मिळाली: खाली जव्हार, इगतपुरी; वर नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर; त्यावर खंडाळा, बुशे; आणि सर्वांत वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. बुशेच्या लाव्ह्यात भूकवचातील जुन्या खडकांची भेसळ सर्वांत अधिक, तर आंबेनळीच्या लाव्ह्यात सर्वांत कमी. थरांचा उतार दक्षिणेकडे असल्याने उत्तरेला जे कुळ डोंगरमाथ्यावर, ते दक्षिणेला पायथ्याशी जाते, हेही त्यावरून स्पष्ट झाले.

ह्याहून नवलाची गोष्ट आंध्रातील राजमहेंद्रीची. तेथे गोदावरीच्या तीरावर बेसाल्टाचे लहानसे क्षेत्र आहे. दख्खनच्या मुख्य विस्तारापासून ते सुमारे चारशे किलोमीटर तुटलेले आहे. त्याचे रसायन तपासले, तेव्हा ते सह्याद्रीच्या वरच्या कुळांशी, आंबेनळी आणि महाबळेश्वर ह्यांच्याशी जुळले. पुराचुंबकीय पुरावाही त्याला अनुकूल निघाला. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आज ज्या दिशेने जाते, जवळजवळ त्याच दिशेने कधीकाळी लाव्हा वाहत गेला असावा, असे पुष्कळ संशोधक मानतात. अर्थात हा सारा डोलारा दशलक्ष भागांतील काही भागांच्या फरकावर उभा आहे. आकडे दहा-वीस टक्क्यांनी घसरले, तर एक कुळ दुसऱ्यात मिसळून जाते.

ते कसे घसरतात, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. विद्यार्थिदशेत मी एका घाटाचा छेद घेतला होता. एकतीस नमुने पाठीवरून वाहून आणले, दळले, मोजवून घेतले. आकडे आले आणि मी हरखून गेलो. टंग्स्टन, जे बेसाल्टात दशलक्षांत एक भागही नसते, ते माझ्या प्रत्येक नमुन्यात शेकड्यांनी होते. आणि कोबाल्ट, जे चाळीस-पन्नास असावे, ते शंभराजवळ. मी रात्र जागून खनिजशिरांविषयी एक टिपण लिहिले आणि विभागाच्या चर्चेत वाचूनही दाखवले. सभा संपल्यावर दगड कापण्याच्या खोलीतील वयस्क मदतनीस, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, दाराशी येऊन थांबले. ते म्हणाले, “दादा, तुमचं ते टंग्स्टन वरून खालपर्यंत सगळ्या दगडांत सारखंच कसं हो? दळलंत कशात?”

मी दळले होते टंग्स्टन कार्बाइडच्या भांड्यात. ते भांडे पोलादाहून कठीण, म्हणून दळण झटपट होते. पण त्याचे स्वतःचे कण झिजून चूर्णात उतरतात, आणि त्या कणांना जोडून ठेवायला कोबाल्ट वापरलेले असते. मी सह्याद्रीचे नव्हे, भांड्याचे पृथक्करण केले होते. पोलादी भांड्यात दळले असते तर क्रोमियम आणि लोह वाढले असते. यंत्राने काही चुकवले नव्हते. त्याला जे चूर्ण दिले, त्याचे त्याने अचूक उत्तर दिले. बुन्सेन आणि किर्खोफ ह्यांच्या खोलीतील हवेतून जसे सोडियम आले, तसे माझ्या दगडात माझेच अवजार आले. पद्धत जितकी सूक्ष्म, तितकी अशी पाहुणी मूलद्रव्येही तिला अधिक दिसतात.

त्यानंतर मामांनी मला अकीकाचा खल काढून दिला. अकीक म्हणजे सिलिकाच. पन्नास टक्के सिलिका असलेल्या खडकात त्याची भर नगण्य. शिवाय तो अकीक आपल्याच बेसाल्टाच्या पोकळ्यांत तयार होतो, हा एक गमतीचा योग. काम मात्र कष्टाचे. एका नमुन्याला अर्धा दिवस जाई. त्याआधी प्रत्येक दगड पुन्हा फोडून त्याची झिजलेली तपकिरी साल आणि पोकळ्यांतील झिओलाइटचे पांढरे खडे वेचून टाकायचे, तेही निराळे. सहा आठवड्यांनी एकतीस नमुने पुन्हा तयार झाले. ह्या वेळी दर पाच नमुन्यांमागे एक बीसीआर-१ मोजवून घेतला, आणि एका दगडाचे दोन भाग करून त्यांना निरनिराळे क्रमांक दिले, म्हणजे मोजणाऱ्यालाही ते कळू नये.

टंग्स्टन नाहीसे झाले. कोबाल्ट अठ्ठेचाळिसावर आले. त्या दोन भागांचे आकडे एकमेकांना लागून आले. टायटॅनियमचा जो बदल मला घाटाच्या मध्यावर, एका तांबड्या मातीच्या पट्ट्याच्या वर दिसला होता, तो पहिल्या खेपेला जिथे होता तिथेच राहिला. माझे टिपण मी मागे घेतले. तो पट्टा तेवढा नकाशावर ठेवला.